टोळ, रातकिडे आणि तीन ग्रॅम प्रथिनं

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर चार पत्रं एकाच विषयाची निघाली. विषय कीटकांचा: खाल्लेल्या, खाऊ घातलेल्या, निवडून टाकलेल्या. म्हणून या वेळचं सदर फक्त त्यांच्यासाठी. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्या मुलाची आई रडली आहे, तिला नीट उत्तर मिळायला हवं.

प्रश्न : खाला, सलाम. मी २२ वर्षांचा आहे, वजन ६८ किलो, रोज संध्याकाळी दीड तास जिम करतो. माझा चुलतभाऊ नेदरलँड्समध्ये शिकतो. सुट्टीत येताना त्याने प्रोटीन बार आणले. मी दोन खाल्ले आणि मग पाकिटावर वाचलं, तर त्यात रातकिड्यांची पूड. भाऊ म्हणतो, टोळ हलाल आहेत, तर हेही हलालच. अम्मी ऐकायला तयार नाही, रडतेय. मी हराम खाल्लं का? आणि यात खरंच एवढं प्रोटीन असतं का? पाकिटाचा फोटो पाठवतोय.
— एक वाचक, वडाळा नाका, नाशिक

उत्तर : वालेकुम सलाम बेटा. आधी अम्मीला हे वाचून दाखव: नकळत पोटात गेलं त्याचा गुन्हा तुझ्यावर नाही. कुराणातल्या सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत आपण रोज हीच दुआ मागतो, की विसरलो किंवा चुकलो तर आम्हाला धरू नकोस. त्यामुळे ते दोन बार मनातून काढून टाक. प्रश्न उरलेल्या बारचा आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, मुफ्ती नाही. पण माझे मामू चाळीस वर्षं मदरशात फिकह, म्हणजे इस्लामी धर्मकायदा, शिकवत होते. तू पाठवलेला फोटो मोठा छापून घेतला आणि जुम्याच्या दिवशी त्यांच्याकडे गेले. आता ऐंशी पार केलेत. भिंग घेऊन त्यांनी घटकांची यादी अक्षर अक्षर वाचली आणि पहिला प्रश्न केला, "पोरगा हनफी की शाफई?" हे दोन मजहब, म्हणजे धर्मकायद्याच्या दोन परंपरा. तू पत्रात ते लिहिलेलं नाहीस. उत्तर त्यावर थोडं अवलंबून आहे, म्हणून दोन्ही सांगते.

टोळांबद्दल भांडण नाही. अब्दुल्ला इब्ने अबी औफा सांगतात की आम्ही हुजूरांबरोबर, म्हणजे पैगंबरांबरोबर, सात की सहा स्वाऱ्यांत होतो आणि टोळ खात होतो. आकड्याचा हा संशय रिवायतीतच, म्हणजे सांगणाऱ्याच्या कथनातच, आहे आणि तो तसाच जपून ठेवलेला आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या ग्रंथांत, ही हदीस आहे. दुसरी रिवायत इब्ने उमर यांची: दोन मेलेले जीव आणि दोन रक्तं आपल्यासाठी हलाल झाली. मेलेल्यांत मासा आणि टोळ, रक्तांत कलेजी आणि तिल्ली, म्हणजे प्लीहा. म्हणजे टोळाला मासळीसारखीच सवलत आहे, जिबह, म्हणजे रीतसर गळा कापणं, लागत नाही.

माझे चुलत दीर सौदीत बुरैदाला नोकरीला होते. हंगामात तिथल्या बाजारात जिवंत टोळ पोत्यांत भरून येतात. ते सांगायचे, खळखळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे, लालसर झाले की उपसायचे. मग डोकं, पंख आणि मागच्या काटेरी तंगड्या ओढून काढायच्या आणि उरलेलं अंग शेंगदाण्यासारखं तोंडात टाकायचं. त्यांनी एकदाच खाल्ले. चव कशी होती विचारलं तर म्हणाले, "उन्हात वाळवलेल्या कोळंबीसारखी." आमच्या घरात कुणाला यात वावगं वाटलं नाही.

पण तुझ्या पाकिटात टोळ नाहीत, रातकिडे आहेत. हनफी, शाफई आणि हंबली या तिन्ही मजहबांत टोळ सोडून बाकीचे कीटक, म्हणजे हशरात, खाण्यासाठी हलाल नाहीत. आधार सूरह आराफमधल्या १५७व्या आयतीचा. त्यात पाक, चांगल्या वस्तू हलाल आणि खबाइस, म्हणजे घाण, ओंगळ वस्तू हराम केल्याचं सांगितलंय. कीटक या दुसऱ्या खात्यात धरले गेले. तुझ्या भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. टोळ आणि रातकिडा प्राणिशास्त्रात एकाच गणातले, मागचे पाय उड्या मारायला लांब झालेले. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने, म्हणजे धर्मपंडितांच्या मंडळाने, २००० साली याच साम्याच्या आधारावर रातकिडा खायला परवानगी दिली, आणि इंडोनेशिया बहुतांशी शाफई देश आहे. मामूंना हा फतवा माहीत होता. त्यांचं म्हणणं असं की सवलत टोळाचं नाव घेऊन दिलेली आहे, उड्या मारणाऱ्या सगळ्यांना दिलेली नाही. आपल्याकडचे बहुतेक हनफी मुफ्ती हेच सांगतील.

चौथा मजहब मालिकी. उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत तो जास्त चालतो. त्यांच्याकडे अपाय न करणारे कीटक चालतात, पण एका अटीवर, आणि ती अट भाऊ विसरतोय. कीटक आपोआप मेलेला नको. अल्लाहचं नाव घेऊन, खाण्याच्या नियतीने मारलेला हवा: उकळत्या पाण्यात टाकून, भाजून किंवा डोकं तोडून. टोळालासुद्धा ते ही अट लावतात. कारखान्यात रातकिडे बहुतेक गोठवून मारले जातात. तिथे बिस्मिल्लाह कुणी म्हटलं, हा प्रश्न मालिकी माणसालाही विचारावाच लागेल. आणि आयुष्यभर हनफी पद्धतीने नमाज पढायची, फक्त बार खाण्यापुरतं मालिकी व्हायचं, हे मामूंना पसंत नाही. मलाही नाही.

मजबुरीचा मसला वेगळा. जीव जायची वेळ आली तर सूरह बकराची १७३वी आयत मुरदार, म्हणजे मेलेलं जनावरसुद्धा माफ करते. वडाळा नाक्यावर राहणाऱ्या, दोन वेळचं जेवण मिळणाऱ्या मुलाला ती लागू होत नाही.

आता माझ्या घरातलं सांगते, म्हणजे मजहबातला फरक अम्मीला समजेल. माझं माहेर कोकणीपुऱ्यातलं, शाफई. सासर हनफी. माहेरी जवळ्याची चटणी आठवड्यातून दोनदा असायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी कोळंबीचं कालवण केलं तेव्हा सासूबाई ताटावरून उठल्या नाहीत, पण वाटी बाजूला सरकवली. शाफईंना समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. हनफींना फक्त मासा. आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या उलेमांत फार जुना वाद आहे. कुणी खातात, कुणी टाळतात. सासूबाई टाळणाऱ्यांतल्या होत्या. एकोणीस वर्षं आम्ही एका चुलीवर दोन पातेली ठेवली. त्यांनी मला कधी हराम खाणारी म्हटलं नाही, मी त्यांना कधी जुनाट म्हटलं नाही. तुझ्या घरात आत्ता जे चाललंय त्याला एवढंच पुरे आहे.

आणखी एक. किळस वाटणं आणि हराम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुजूरांसमोर एकदा भाजलेला सांडा, म्हणजे वाळवंटातला मोठा सरडा, आला. त्यांनी हात मागे घेतला. खालिद इब्ने वलीद यांनी विचारलं, हा हराम आहे का? ते म्हणाले, नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हा नसतो, म्हणून मला नको वाटतो. खालिद यांनी तो स्वतःकडे ओढून खाल्ला. सांड्याबाबत हनफींचं मत आणखी कडक आहे, पण हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या तशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या ताटात ते नाही म्हणून कुणाच्या ताटावर हसू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. वाळवलेल्या रातकिड्यांच्या १०० ग्रॅम पुडीत साधारण ६० ते ६५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. हा आकडाही थोडा फुगलेला असतो. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. कीटकाच्या कवचात कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो, आणि तोही प्रथिनांच्या हिशोबात जमा होतो. पण ते राहू दे. तुझं पाकीट बघ: बार ४५ ग्रॅमचा, त्यात रातकिड्यांची पूड १० टक्के. म्हणजे साडेचार ग्रॅम पूड, त्यात जेमतेम तीन ग्रॅम प्रथिनं. अर्ध्या अंड्याइतकी. बाकीची प्रथिनं त्या बारमध्ये बदामाची आणि वाटाण्याची आहेत. या तीन ग्रॅमसाठी अम्मी रडतेय.

भारतीय माणसासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेला आकडा दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. तुझ्यासाठी ५६ ग्रॅम. वजन उचलतोस म्हणून मी १.६ धरते, म्हणजे १०९ ग्रॅम. आता मोज. बाजरीच्या दोन भाकरी ११, तीन अंडी १८, शिजवलेलं चिकन १०० ग्रॅम म्हणजे ३०, मूठभर शेंगदाणे ७, मोड आलेल्या मटकीची उसळ १०, वाटीभर दही ७. झाले ८३. उरलेले २६ पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत मिळतात आणि त्या मेन रोडवर कुठल्याही किराणा दुकानात सुट्या मिळतात. तू शाफई असशील तर भद्रकालीतून सुकट आण. वाळवलेल्या बोंबलात आणि जवळ्यात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तुझ्या परदेशी पुडीइतकीच. हनफी असशील तर नुसता बोंबील घे, तो मासाच आहे. मीठ काढायला कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजव आणि ते पाणी टाकून दे.

जाता जाता: २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा "हलाल आहेत, पकडा आणि तळा" असे मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरत होते. त्या थव्यांवर रात्रभर कीटकनाशकं फवारली जात होती. हलाल असलेली वस्तूही विष लागल्यावर खायची नसते.

प्रश्न : ताई, रमजानसाठी आणलेली खजूर डब्यात राहिली होती. आता उघडली तर काही बियांजवळ बारीक अळ्या आहेत. तांदळातही सोंडे झालेत. सगळं नापाक झालं का? शिजलेल्या डाळीत किडा दिसला तर भांडंभर डाळ ओतून द्यायची का? सासूबाई म्हणतात ओत, मला जिवावर येतं.
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : ओतू नका. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात हजरत अनस यांची रिवायत आहे. हुजूरांसमोर जुनी खजूर आणली गेली, तर ते एकेक खजूर उघडून बघत होते आणि आतली अळी काढून टाकत होते. ही हदीस मी पहिल्यांदा नानीकडून ऐकली, तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. मला एवढंच आठवतं की तिचा अंगठा सुपाच्या काठावर ठरल्या ठिकाणी असायचा, आणि सोंडा वर आला की त्याच अंगठ्याने तो बाहेर उडायचा.

ज्यांच्या अंगात वाहतं रक्त नाही असे माशी, मुंगी, सोंडे अन्नात पडून मेले तर अन्न नापाक होत नाही. माशी पेयात पडली तर बुडवून काढून टाका, ही हदीस बुखारीत आहे, तिच्यावरूनच फुकहांनी, म्हणजे फिकहच्या पंडितांनी, हे काढलं. म्हणजे डाळ पाक आहे. किडा काढायचा, डाळ खायची. किडा मात्र जाणूनबुजून गिळायचा नाही. फळात किंवा धान्यात जन्मलेली आणि वेगळी काढणं अवघड असलेली अळी त्या अन्नासोबत पोटात गेली, तर शाफई किताबांत सवलत आहे. हनफी घरात दिसलेली अळी काढूनच टाकतात.

आहाराच्या बाजूने एकच सांगते. तांदळाला कुबट वास येत असेल, हाताला पीठ लागत असेल, तर तो धुऊन उपयोग नाही, बुरशी शिरलेली असते. तेवढा पक्ष्यांनाही घालू नका. नुसते सोंडे असतील तर चाळून सकाळच्या उन्हात पसरा. खजूर पुढच्या वेळी आणली की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग डब्यात भरा. अंडी असली तरी मरतात.

प्रश्न : माझी पाच हजार पक्ष्यांची पोल्ट्री आहे. खाद्याचे भाव परवडत नाहीत. टोमॅटोचा भाव पडला की मार्केटबाहेर ढीग कुजत पडतात. त्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या वाढवून, वाळवून कोंबड्यांना द्यायचा विचार आहे. माझे निम्मे गिऱ्हाईक नाशकातले मुसलमान चिकनवाले आहेत. त्यांच्या धर्मात असली कोंबडी चालेल का? त्यांना न सांगता करायची माझी इच्छा नाही.
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. चालेल. कोंबडी उकिरड्यावर किडे टिपतच वाढते, म्हणून ती कधी हराम झाली नाही. माणसाने खायचे नियम वेगळे, कोंबडीचे वेगळे.

एक अडचण मात्र माहीत हवी. जे जनावर मुख्यतः विष्ठा आणि घाण खाऊन वाढतं, इतकं की त्याच्या मांसाला वास येतो, त्याला जल्लाला म्हणतात. ते तसंच कापून खात नाहीत, आधी बांधून स्वच्छ चारा देतात. इब्ने उमर अशी कोंबडी तीन दिवस कोंडून ठेवायचे. तुमच्या अळ्या टोमॅटोवर वाढल्या तर हा प्रश्नच येत नाही. त्या कोंबडीच्या विष्ठेवर किंवा मैल्यावर वाढवल्या तर येतो, आणि गिऱ्हाईक विचारेलच. म्हणून भाजीपाल्यावरच वाढवा. द्राक्षाचा चोथा मिळाला तर तोही चालेल.

वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. त्यामुळे सगळं खाद्य बदलू नका. सोयापेंडीचा काही भागच बदला आणि प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली, तेव्हा हा प्रकार काही अघोरी नाही. मला काळजी वेगळीच आहे. या अळ्या कॅडमियमसारखा जड धातू अंगात साठवतात, आणि आपल्या टोमॅटोवर किती फवारण्या होतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पहिला घाणा वाळला की पाव किलो प्रयोगशाळेत द्या. तो कागद चिकनवाल्यांना दाखवा. मुफ्तींच्या चिठ्ठीइतकंच काम तोही करेल.

प्रश्न : मी घरी केक करते. परवा एका मुस्लिम ताईंनी मुलीच्या वाढदिवसाची ऑर्डर देताना विचारलं, "गुलाबी रंगात किडे नाहीत ना?" मला वाटलं गंमत करतायत. खरंच असतात का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : असतात, पण बहुधा तुमच्या बाटलीत नसतील. कार्मिन हा लाल रंग निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांच्या माद्या वाळवून काढतात. लेबलवर तो आयएनएस १२० किंवा ई १२० अशा क्रमांकाने येतो, मुख्यतः परदेशी दही, मिठाई आणि लिपस्टिकमध्ये. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०११ मध्ये तो हलाल ठरवला, पण आपल्याकडचे बरेच हनफी मुफ्ती टाळायला सांगतात. तेव्हा त्या ताईंचा प्रश्न रास्त होता.

तुमच्या बाटलीवर कदाचित कार्मोइसिन असेल, आयएनएस १२२. नाव सारखं वाटतं म्हणून घोटाळा होतो. तो रसायनापासून बनवलेला रंग, किड्याशी संबंध नाही. आणि वर लावायचे चकचकीत चांदीचे किंवा रंगीत गोळे असतील तर आयएनएस ९०४ शोधा, ती लाख. लाखेचा किडा फांदीवर जो राळेसारखा पदार्थ सोडतो तो. याच लाखेच्या बांगड्या आम्ही लग्नात भरतो. तो किड्याचा स्राव आहे, किडा नव्हे, म्हणून पुष्कळ उलेमा त्याला मुभा देतात, पण सगळे नाही. गोळे लावणार असाल तर ताईंना आधी विचारा.

त्यांच्या मुलीला कोळंबीची अॅलर्जी आहे का, हेही विचारून ठेवा. कोळंबीत आणि कीटकांत ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन जवळजवळ सारखं असतं. ज्याला कोळंबीने अंगावर गांधी उठतात त्याला रातकिड्यांच्या पुडीनेही उठू शकतात. वडाळा नाक्याच्या आपल्या बेट्यानेही हे लक्षात ठेवावं.

बीट किसून, फडक्यातून पिळून काढलेला रस सगळ्यात बिनघोर. तो केकच्या पिठात घालू नका, ओव्हनच्या उष्णतेने विटकरी पडतो. थोडा आटवून, पूर्ण गार करून वरच्या क्रीममध्ये घाला.